अर्धा बाहेर आलेला कागद

हे खरं आहे.

सगळे असंच म्हणून सुरुवात करतात, ठाऊक आहे मला. म्हणून आधी माझ्याबद्दल सांगते. मी एकतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. पहिली-दुसरीच्या पोरांना राक्षसाची गोष्ट सांगताना मी आवाज काढायचे, डोळे मोठे करायचे, टेबलावर मूठ आपटायचे. तेव्हा रंगवून सांगणं मला येतं.

ह्यात मी काही रंगवणार नाही. उलट जे सांगायची लाज वाटते, तेही सांगणार आहे.

रात्र नव्हती. अमावास्या-बिमावास्याही नव्हती.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळेच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या चढून गेलं की माझ्या धाकट्या भावाचं झेरॉक्सचं दुकान. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

आणि तरीही…

थांबा. आधी मशीन समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हातात एक कागद घ्या. त्याच्या एका बाजूला काहीतरी लिहा. आता मागच्या बाजूला लिहायचं तर काय कराल? कागद उलटाल. सोपं आहे, आपल्याला हात आहेत. मशीनला हात नाहीत. म्हणून ते काय करतं, एक बाजू छापून झाली की कागद अर्धा बाहेर सोडतं. शेपटाला मात्र आतून धरून ठेवतं. मग रोलर उलटे फिरतात आणि कागद पुन्हा आत ओढला जातो… पण आल्या वाटेनं नाही. आत दुसरी एक वळणाची वाट असते. त्या वाटेवर कागद पालथा होतो आणि दुसरी बाजू छापून घ्यायला परत येतो.

माझी भावजय त्या वाटेला ‘कोलांटी’ म्हणायची.

मी तिला वहिनीच म्हणायचे. दुकान भावाचं होतं, पण मशीन तिचं. भाऊ गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, ती काम करायची. दोघांना मूल नव्हतं. ह्या गोष्टीवर लोक जेवढं बोलले, तेवढं ती दोघं कधी बोलली नाहीत.

पण पोरांची दुकानात कायम झुंबड. कारण वहिनी ‘हात’ काढून द्यायची.

म्हणजे असं. पोरानं काचेवर तळहात ठेवायचा. बटण दाबलं की कागदावर तळहात उमटायचा, रेषा-बिषांसकट. कागद अर्धा बाहेर यायचा आणि कोलांटीत परत जायचा. मग मशीनवर हिरवा दिवा लुकलुकायचा, की दुसरी बाजू द्या. पोरानं हात उलटा करायचा, पुन्हा बटण. तोच कागद बाहेर यायचा तेव्हा एका बाजूला तळहात आणि बरोबर त्याच्या मागे हाताची पाठ, नखांसकट. कडेनं कापला की झाला कागदाचा हात. त्या हातांवर मी वर्गात डावं-उजवं शिकवायचे, बोटांची पेरं मोजायला शिकवायचे.

पोरं एकच चूक करायची, दर वेळी. कागद अर्धा बाहेर आला की ओढायला जायची.

“ओढू नका रे!” वहिनी ओरडायची. “तो आलेला नाहीये अजून. नुसता डोकावतोय.”

“कशाला डोकावतो?” एका टोपीवाल्या पोरानं विचारलं होतं.

“तू गेलास का बघायला. चल, पालथा कर हात.”

अशी होती ती.

आता तो मंगळवार.

परीक्षा संपल्या होत्या. गल्ली रिकामी. भाऊ कागदाचे गठ्ठे आणायला गेला होता. दुकानात आम्ही दोघीच. मला पुढच्या वर्षीच्या धड्यासाठी लहान हाताशेजारी लावायला एक मोठा हात हवा होता.

मी म्हटलं, “वहिनी, इतक्या पोरांचे हात काढलेस, तुझा स्वतःचा कधी काढलास?”

“माझा? वन्सं, माझा हात बघून पोरं शाळा सोडतील.”

तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग होता. मशीनच्या गरम रोलरनं भाजलं होतं. शेंगदाण्याएवढा, तसाच मधे बारीक.

“काढ गं. शेवटची वेळ असल्यासारखे नखरे करू नकोस.”

हो. मी असंच म्हणाले होते.

तिनं हसत काचेवर हात ठेवला. बटण दाबलं. कागद अर्धा बाहेर आला. सुंदर उमटला होता हात, डागासकट. मग तो कोलांटीत परत गेला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, छातीत कसंतरीच होतंय. बसते जरा. पाणी देता?”

पाण्याचा जग दोन पावलांवर, स्टुलावर होता.

आणि मी म्हटलं, “अगं, एवढी एक बाजू होऊ दे. मग बस निवांत.”

मुलांना तासन्‌तास समजावणारी मी. एक पोर पाच वेळा चुकलं तरी सहाव्यांदा सांगणारी मी. त्या दिवशी मला घरी जायची घाई नव्हती, कसलंच काम नव्हतं. तरीही मी तसं म्हटलं.

ती हसली. हात उलटा करून काचेवर ठेवला. तळहात वर. बोटं हळूहळू आत वळायला लागली.

“सरळ ठेव ना बोटं,” मी म्हटलं.

ती मशीनवरच कलली.

बटण तिनं दाबलंच नव्हतं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर मी कितीतरी वेळ त्या घड्याळाकडेच बघत होते. तिच्याकडे बघवत नव्हतं.

भाऊ आला तेव्हा सगळं संपलं होतं. आधी त्यानं मशीनचा प्लग भिंतीतून उपटला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो तिच्याजवळ बसला.

रात्री त्यानं मला विचारलं, “ताई, शेवटचं काय बोलली ती?”

“पाणी मागितलं.”

“दिलंस?”

“लगेच दिलं.”

“प्यायली?”

“दोन घोट,” मी म्हटलं.

त्या दोन घोटांवर तो महिनाभर जगला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, “ताई होती जवळ. पाणी पिऊन गेली. तहानलेली नाही गेली.” मी शेजारी बसून मान हलवायचे.

महिन्यानं त्यानं दुकान उघडलं. पहिली गोष्ट काय केली असेल? मशीन उघडलं. त्याला तो हात हवा होता. वहिनीचे फोटो होते, लग्नातले, कुठल्या कुठल्या समारंभातले. पण तो म्हणाला, “फोटोत ती सगळ्यांची आहे, ताई. हात माझा आहे.”

कागद आत कोलांटीतच असणार. एक बाजू छापलेला. दुसरं कुठे जाईल?

त्यानं मागचं झाकण उघडलं. रोलर फिरवून बघितले. बाजूचं झाकण. खालचा ट्रे.

कागद नव्हता.

प्लग लावला तर पडद्यावर अक्षरं आली. ‘कागद अडकला आहे.’ आणि बाण कोलांटीकडे.

मग मेकॅनिक आला. त्याला पोरं ‘डॉक्टर’ म्हणायची, कारण तो मशीनला कान लावून ऐकायचा. मोठा जाड चष्मा, आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची सवय.

“पोटात काहीतरी आहे म्हणतंय पेशंट,” डॉक्टर म्हणाला. त्यानं कोलांटीची सगळी वाट सुटी करून जमिनीवर मांडली. टॉर्च मारला. एक कपटासुद्धा निघाला नाही. पुन्हा जोडलं, चालू केलं.

‘कागद अडकला आहे.’

“आत काही नाहीये हो,” डॉक्टर डोकं खाजवत म्हणाला. “पण हे म्हणतंय, ‘आहे’. आता ह्याचं खरं मानायचं की माझं?”

भाऊ म्हणाला, “त्याचं.”

तीनदा येऊन गेला डॉक्टर. शेवटी म्हणाला, हे देऊन टाका, दुसरं घ्या. भावानं पुन्हा प्लग काढला आणि वायर गुंडाळून मशीनच्या डोक्यावर ठेवली.

पुढचा मंगळवार.

भाऊ दुपारी जेवायला आला नाही म्हणून मी डबा घेऊन दुकानात गेले. तो काउंटरमागे नुसता बसला होता. मी डबा उघडत होते.

खट्‌…

मला वाटलं, पंखा. पंखा बंद होता.

मग तो वास आला. मशीन गरम व्हायला लागलं की येतो तो, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा. वहिनीच्या साडीला कायम तो वास असायचा. भावानं मान वर केली. त्यालाही आला होता.

मग आत कुठेतरी रोलर फिरायला लागले… हळू… जड पाय ओढत कुणी जिना चढावा तसे.

वायर मशीनच्या डोक्यावर गुंडाळलेली होती. तिचा प्लग समोर लोंबत होता. मी त्याच्याकडेच बघत होते.

कागद बाहेर आला.

अर्धा.

बोटांची टोकं… बोटं… तळहात… अंगठ्याच्या मुळाशी डाग.

भावाचा हात आपोआप पुढे गेला.

“ओढू नकोस!” मी ओरडले. सवयीनं. शपथेवर सांगते, फक्त सवयीनं.

त्याचा हात थांबला. कागद क्षणभर थरथरला आणि परत आत गेला. कोलांटीत तो वळतानाचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मग हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

एक मिनिट. दोन मिनिटं.

विझला.

घड्याळाकडे बघायची गरज नव्हती.

भाऊ त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. महिनाभरात पहिल्यांदा. “ती आहे, ताई. आतच आहे,” तो म्हणत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही मशीन पुन्हा उघडलं. आत काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही वाट बघत बसलो. पुन्हा तसंच. खट्‌… वास… रोलर. ह्या वेळी भावानं कागदाच्या कडेला नुसतं बोट लावलं.

“ऊब आहे गं,” तो कुजबुजला.

मी मात्र दुसरंच बघितलं. मागच्या मंगळवारी हात सपाट होता. बोटं सरळ. आज मधली दोन बोटं… किंचित आत वळलेली होती.

त्याला मी ते दाखवलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरही होता. भावानंच बोलावलं होतं. आला तो चेष्टा करत, “पेशंटची भेटायची वेळ झाली का?” चार वाजून दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं. त्यानं लोंबता प्लग हातात घेतला, उलटसुलट बघितला, हळूच खाली सोडला. कागद आला. आता चारही बोटं वाकली होती. कागद गेला. डॉक्टर पायऱ्या उतरून चालता झाला. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्याकडे आहे. न्यायला आला नाही तो.

चौथ्या मंगळवारी मूठ व्हायला थोडंच बाकी होतं.

“बघ,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “दर वेळी थोडी थोडी मिटतेय. काहीतरी धरायला बघतेय ती, ताई. आणि दिवा कशासाठी लागतो? दुसरी बाजू मागते आहे. आपण नुसते बघत बसतो वेड्यासारखे.”

मला माहीत होतं ती बोटं का वाकताहेत. मी ती तशीच वाकताना बघितली होती. ‘सरळ ठेव ना बोटं’ म्हणणारी मीच होते. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. पाण्याचं. त्या दोन घोटांचं.

“हे मशीन देऊन टाक,” मी म्हटलं. “माझं ऐक. तुझी तब्येत बघ जरा आरशात.”

खरंच तो अर्धा झाला होता. गालफडं बसली होती. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ‘बंद आहे’ म्हणायचा, आणि दार उघडं ठेवायचा.

“देईन,” तो म्हणाला. “एकदा तिची दुसरी बाजू होऊ दे. मग खुशाल ने म्हणावं ज्याला न्यायचंय त्याला.”

पाचवा मंगळवार.

सकाळपासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी साडेतीनलाच दुकानात पोचले. भावानं स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता. काच पुसून ठेवली होती. स्टुलावर जग आणि पेला नेहमीच्या जागी.

“काय करणार आहेस?”

“तिच्या बाजूच्या मागे माझी बाजू देणार. तळहात तिचा, पाठ माझी. एकच हात होईल.”

“वेडा झालास का?”

“झालो असेन. तू भिऊ नकोस. ती काय परकी आहे?”

मला त्याला हाताला धरून बाहेर काढता आलं असतं. अजून मला तो बारा वर्षांचाच वाटतो. पण मी थांबले. का सांगू? मलाही बघायचं होतं. मलाही वाटत होतं की एकदा ती बाजू पुरी झाली, तो कागद बाहेर आला, की ती मला सोडील.

खट्‌…

वास आला. रोलर फिरले. कागद अर्धा बाहेर आला.

मूठ होती. घट्ट. नखं तळव्यात रुतलेली.

कागद आत गेला. हिरवा दिवा लुकलुकला. भावानं झाकण उचललं आणि उजवा हात पालथा… म्हणजे पाठ काचेकडे, तळहात वर… ठेवला. डाव्या हातानं बटण दाबलं.

काचेखालून उजेडाची पट्टी सरकायला लागली. नेहमी ती तीन सेकंदांत जाते. आज ती त्याच्या हाताखाली येऊन थांबली.

“अगं…” भाऊ म्हणाला आणि हसला. “गार आहे. ताई, धरलंय तिनं. मागून धरलंय.”

“पुरे. काढ हात.”

“थांब ना.”

रोलर फिरायला लागले. कागद यायला लागला. ह्या वेळी दुसरी बाजू वर होती. एक एक बोटभर… फार सावकाश…

भावाच्या ओठांचा रंग गेला. कपाळावर घाम फुटला.

“ताई,” तो म्हणाला, “जरा पाणी दे ना.”

जग दोन पावलांवर होता.

आणि मी कागदाकडे बघितलं.

हेच ते, जे सांगायची लाज वाटते. माझा सख्खा भाऊ पाणी मागत होता आणि मी कागदाकडे बघत होते. नखांची टोकं दिसायला लागली होती. अजून दोन बोटं कागद आला असता तर कळलं असतं की हात त्याचा आहे, तिचा आहे, की दोघांचा. माझ्या जिभेवर शब्द तयार होते. ‘एवढी एक…’

मी जीभ चावली. रक्ताची चव आली.

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. हात येईना. आतून कुणी कडी धरून ठेवलेलं दार ओढावं तसं झालं. मी मशीनला पाय लावून ओढलं. त्याचे डोळे मिटायला लागले होते. आणि तो हसत होता.

“वहिनी, सोड त्याला!” मी ओरडले. “त्यानं काही केलेलं नाही. त्याला माहीतही नाही. तू पाणी मागितलंस, मी दिलं नाही. मी थांब म्हटलं तुला. एवढी एक बाजू होऊ दे म्हटलं. मी खोटं बोलले त्याच्याशी. तू एक घोटही प्यायली नाहीस. मला धर. मला धर, त्याला सोड!”

उजेडाची पट्टी हलली.

भावाचा हात सुटला आणि आम्ही दोघं मागे गठ्ठ्यांवर आदळलो. अर्धा बाहेर आलेला कागद क्षणभर तसाच राहिला. मी डोळे मिटून घेतले. बघायची छाती झाली नाही. उघडले तेव्हा ट्रे रिकामा होता. कोलांटीतून सळसळ ऐकू आली… आणि मग तीही थांबली.

मी पेला भरून त्याच्या तोंडाला लावला. त्यानं तोंड फिरवलं.

त्याच्या ओठांवर हळूहळू रंग आला. मग म्हणाला, “दोन घोट म्हणाली होतीस.”

“हो.”

“एकही नाही?”

“नाही.”

“तिनं किती वेळा मागितलं?”

“एकदाच.”

“हो,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा मागणारी नव्हतीच ती.”

त्यानं माझ्या हातातला भरलेला पेला घेतला. उठला. तो पेला त्यानं मशीनच्या झाकणावर ठेवला, काचेच्या बरोबर वर, जपून, एक थेंब न सांडता. आणि पायऱ्या उतरून उन्हात निघून गेला.

मी एकटीच राहिले दुकानात. किती वेळ, सांगता येणार नाही. त्या पेल्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी निघताना नजर गेलीच.

पाणी कमी झालं होतं.

उकाडा होता. उडालं असेल. मी स्वतःला असंच सांगते.

त्यानंतरच्या मंगळवारी काही झालं नाही. त्यापुढच्याही नाही. म्हटल्याप्रमाणे भावानं मशीन देऊन टाकलं. न्यायला आलेल्या माणसांनी सहज म्हणून प्लग लावून बघितला, तर पडदा स्वच्छ होता. कसलीही तक्रार नाही. कुठल्याशा ऑफिसात गेलं म्हणतात. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

आता दीड वर्ष होईल.

भाऊ माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. माझं औषध संपलं की आणून देतो. विजेचा दिवा गेला तर बदलून जातो. लहानपणापासून मला अगं-तुगं करणारा, माझ्या वेण्या ओढणारा माझा धाकटा भाऊ. गेल्या आठवड्यात आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि दारातूनच म्हणाला,

“तुमच्या गोळ्या आणल्यात. जेवणानंतर घ्या.”

दीड वर्ष तो मला ‘तुम्ही’ म्हणतो आहे.

त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार पांढुरके पट्टे आहेत, आणि अंगठ्याच्या बाजूला एक ठिपका. त्या दिवसानंतर उमटले. डॉक्टरांनी मलम दिलं… माणसांच्या डॉक्टरांनी. त्यानं ती ट्यूब उघडलीसुद्धा नाही. थंडीच्या दिवसांत ते पट्टे जास्त उठून दिसतात.

गेल्या आठवड्यात तो दारात उभा होता तेव्हा माझी नजर तिकडे गेली. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं डावा हात हळूच उजव्या हातावर ठेवला. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं ना, तसा.

मी म्हटलं, “बस ना. चहा करते.”

“नको,” तो म्हणाला. “घरी वाट बघत असेल.”

आणि निघून गेला.

मी दार लावलं नाही. अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिले. त्याच्या घरी कुणीही नाही…